नारबोदच्या पोटातला भोंगा

माणूस अर्धं काम टाकून गेलं, तर उरलेलं काम कोणाचं?

हा प्रश्न मी आधी बाबूजींना विचारला. ते चहाच्या कपाकडे बघत बसले. चहावर साय धरली तरी बघतच बसले. मग मायला विचारला. ती दाराशी, दोन्ही हात मांडीत ठेवून बसलेली असायची. ताई गेल्यापासून तिचे हात मांडीतच होते. तिनं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग ताईच्या मैत्रिणीला, ज्योत्स्नाताईला विचारला. ती रडायला लागली, आणि तिला पाणी आणून देण्यात प्रश्न राहून गेला.

आमच्या शाळेत सर विचारायचे, "कोणाला काही शंका?" सगळे गप्प राहिले की धडा पुढे सरकायचा. त्याच हिशोबानं मी धरलं की कोणी काही बोलत नाही, म्हणजे काम माझं. (शाळेकडून मी एवढंच घेतलं. आठवीनंतर तिनं मला काही शिकवलं नाही आणि मीही तिला त्रास दिला नाही.)

काम होतं साधनाताईचं. माझी मोठी बहीण. बालाघाटातल्याच एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवायची. उन्हाळ्यात भोपाळच्या एका मॅडमनी इथं शिबिर घेतलं. कचऱ्यातून चित्रं-पुतळे करायचे, त्यात सेन्सर बसवायचे, आणि बघणारा जवळ आला की त्या पुतळ्यानं काहीतरी करायचं, म्हणजे बघणाऱ्याला नदीनाल्याची अक्कल यावी. ताईनं हे मला जेवताना समजावून सांगितलं.

"पवन्या, भिंतीवर 'कचरा टाकू नका' लिहिलं तर लोकं तिच्याच खाली टाकतात. पण भिंत बोलली तर?"

"तर लोकं तिच्या तोंडावर थुंकतील," मी म्हणालो.

ती एवढी हसली की भात नाकात गेला.

तिनं करायला घेतली नारबोद. ज्यांच्याकडे नारबोद नसते त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना आमच्याकडे पळसाच्या फांद्यांची, चिंध्यांची एक बाई करून गावाबाहेर नेतात. सगळे ओरडतात, "रोगराई घेऊन जाय गे नारबोद, मच्छर-माशी घेऊन जाय गे नारबोद," आणि वेशीवर नेऊन तिला जाळतात. वर्षाची पीडा गेली.

ताईची नारबोद फांद्यांची नव्हती. आमच्या मोहल्ल्याच्या नालीतून जे जे निघालं, त्याची होती. बाटल्यांचे हात, टायरचं पोट, गुटख्याच्या पुड्या शिवून केलेलं लुगडं. मांडी घालून बसलेली, आणि मांडीत एक जुनं घमेलं. घमेल्यात पाणी साचलं आणि कोणी जवळ आलं, की ती डासासारखी गुणगुणायला लागणार. जेवढं जवळ जाल तेवढी जोरात. घमेल्यातलं पाणी सांडून दिलं की गप्प. एवढीच कल्पना. मला ती कळली, यावरून ती किती सोपी होती ते बघा.

अर्धी झाली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी ताईला ताप आला. डेंग्यू निघाला. 'प्लेटलेट' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला आणि ताईला घेऊन गेला. डासांवर पुतळा करणारी पोरगी डासानंच नेली. हे मी कोणाला सांगितलं की लोकांच्या तोंडावर आधी हसू येतं आणि मग त्यांना लाज वाटते. वाटून घेऊ नका. तीसुद्धा हसली असती.

तर ती अर्धी नारबोद पोत्यात भरून ज्योत्स्नाताई एक दिवस आमच्या घरी आली. शिबिरात दोघींची जोडी होती. चित्राचं ताई बघायची, वायरींचं ज्योत्स्नाताई.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सभागृहात सगळ्यांचं प्रदर्शन हाय," ती म्हणाली. "साधनाच्या नावाचा टेबल राहीन. मी पुरं करीन म्हंतो, पण माह्यं स्वतःचं, कचऱ्याचं झाड बाकी हाय."

"मी करतो," मी म्हणालो.

"तुले सेन्सर म्हंजे काय माहीत हाय का?"

"आमच्या धुमालच्या गाडीले हाय न."

"कुठं हाय?"

"रिव्हर्स घेतानी टूंटूं वाजते ते."

उत्तर बरोबर होतं आणि ते तिला आवडलं नाही. धुमाल म्हणजे लग्नाच्या वरातीत गाडीवर वाजतं ते. चैतरामभाऊंच्या धुमालवर मी कामाला आहे. भोंगे चढवतो, उतरवतो, वायरी गुंडाळतो.

जाता जाता ज्योत्स्नाताई मायजवळ बसली. "काकू, तुमी येजा. अकरा वाजता. साधनाचं नाव लागून राह्यलं."

मायनं मान वर केली. "ते तिथं काय करे वं एवढं?"

"या, दिसन तुमाले."

"येईन," माय म्हणाली.

एवढंच. पण ताई गेल्यापासून माय उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. बाबूजी आतून ऐकत होते. ते बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बिघडवू नको." आशीर्वाद म्हणून एवढंच मिळालं. पण आता मला कळलं होतं, की हे टेबल रिकामं राहिलं तर माय पुन्हा उंबऱ्याच्या आत जाईल आणि या वेळी कोणी बोलावून बाहेर येणार नाही.

मी शिबिरात जायला लागलो. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "बेटा, तुम क्या करते हो?"

"साउंड में हूँ."

"अरे वाह, साउंड आर्टिस्ट," मॅडम म्हणाल्या आणि सगळ्यांना माझी तशीच ओळख करून दिली. मी भोंगे उचलतो हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. (टाळ्या वाजल्यावर खरं बोलणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.)

नारबोदच्या डोळ्यांच्या जागी एक सेन्सर होता. दोन चकत्या, हुबेहूब डोळ्यांसारख्या. समोर कोणी किती दूर आहे ते त्या डोळ्यांना कळायचं. त्याला लागतो मोबाइलच्या चार्जरएवढा करंट. मला धुमालची सवय. काही कमी वाटलं की वाढवायचं. मी त्याला थेट गाडीची बॅटरी लावली. डोळे एकदाच चमकले. इतके सुंदर चमकले की मी "वा" म्हणालो, आणि मग जळका वास आला.

ज्योत्स्नाताईनं बराच वेळ त्या डोळ्यांकडे बघितलं. मग तिनं स्वतःच्या झाडाचा सेन्सर काढला आणि माझ्या हातात दिला.

"अन् तुह्या झाडाले?"

"बटन लावीन. तू याले हात लावू नको. मी जोडतो. तू चेहरा रंगव."

चेहरा ताईनं कोरा सोडला होता. मी दोन दिवस जीव ओतून रंगवला. ज्योत्स्नाताईनं बघितला. मान तिरकी करून बघितला.

"हे बाई हाय का चैतरामभाऊ?"

"मी मिशी कुठं देल्ली?"

"नाही देल्ली तरी बी."

खरं होतं. मी रोज ज्यांच्या तोंडाकडे बघून काम करतो तेच तोंड उतरलं होतं. पुसायला गेलो तर आणखी चैतरामभाऊ झाले. तसंच राहू दिलं.

हळूहळू मात्र जमलं. घमेल्यात पाणी ओतलं, समोर गेलो, आणि नारबोदच्या पोटातून बारीक आवाज आला. गुंऽऽ. अगदी कानाशी डास यावा तसा. मी पाणी सांडलं. गप्प. पुन्हा ओतलं. पुन्हा गुंऽऽ. त्या दिवशी मी ते इतक्या वेळा केलं की ज्योत्स्नाताईला पाण्याची बादली लपवावी लागली. का ते मी सांगत नाही. तुम्हाला बहीण असेल तर कळेल.

पण मला आवाज कमी वाटत होता.

"साधनाले तसाच पाह्यजे होता," ज्योत्स्नाताई म्हणाली. "लोकाईनं वाकून कान लावला पाह्यजे, म्हणे ते."

माझी माय वाकून कान लावेल का? ती मागच्या खुर्चीत बसेल, पदर डोक्यावर घेऊन. तिला काही ऐकूच येणार नाही, आणि घरी येऊन म्हणेल, होतं काहीतरी. हे मला झेपेना. पोळ्याच्या दिवशी दुपारी मी नारबोद सायकलरिक्षावर घालून घरी आणली, चैतरामभाऊंच्या खोलीतून एक अँप्लिफायर आणि लहानातला लहान भोंगा आणला (न विचारता, विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, मग उगाच त्यांचा शब्द मोडावा लागला असता), आणि ते सगळं नारबोदच्या पोटात बसवून टाकलं. बॅटरी जोडून ठेवली, पण वाजवून बघितलं नाही. सणाच्या दिवशी शेजाऱ्यांना त्रास नको.

आमच्याकडे यंदा सण नव्हता. घरातलं माणूस गेलेलं वर्ष. नारबोद घेऊन मी आत शिरायला लागलो तर बाबूजी दारात आडवे झाले.

"हे घरात नाही आणत पवन. यंदा तर नाहीच."

"बाबूजी, हे ताईचं—"

"माहीत हाय. भिताडापाशी ठेव. तिरपाल टाक वरून. अन् मायले दाखवू नको आता. उद्या तिथंच पाहू दे."

मी ती बाहेर, रस्त्याकडच्या भिंतीला टेकवून ठेवली. वरून तिरपाल टाकलं. आता तुम्ही शहाणी माणसं आहात. पोळ्याच्या संध्याकाळी दाराबाहेर नारबोद ठेवली तर सकाळी काय होईल, हे तुम्हाला सुचलं असेल. मी जन्मापासून याच मोहल्ल्यात राहतो. मला नाही सुचलं.

उजाडताना आरडाओरड ऐकून जाग आली. बाहेर धावलो. तिरपाल जमिनीवर पडलं होतं आणि ताईची नारबोद चार जणांच्या खांद्यावर. पुढे फकिराकाका. दर वर्षी नारबोद नेण्याचा मान त्यांचा.

"काका," मी म्हणालो.

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "मागून हाक नाही माराची. माहीत नाही का तुले?"

मला माहीत होतं. नारबोद एकदा उचलली की ती खाली ठेवायची नाही, थांबवायची नाही, परत बोलवायची नाही. जो बोलावेल, त्याच्या घरी वर्षाची पीडा वळून येते. माझं शिक्षण कमी आहे, पण हा धडा आमच्याकडे चालता येण्याच्या आधी शिकवतात.

फकिराकाका जवळ आले आणि हळू बोलले. "तुह्या बापाच्या, डोमाजीच्या घरी यंदा सण नाही, तरी बी तू बनवली. अन् केवढी बनवली. मोहल्ल्याची ठेवू बाजूले, हेच पहिले जाईन. तुमच्या घरावर लय आलं बाबू यंदा. चाल, पुढचा खांदा घे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दर वर्षी आमच्याशी नळावरून भांडणारा माणूस. मी काय बोलणार होतो? की काका, ही पीडा नाही, हिला अकरा वाजता प्रदर्शनात जायचं आहे?

तरी मी बोललो असतो. पण मी मागं बघितलं, आणि दारात माय उभी होती. उभी. तिनं नारबोदकडे बघून हात जोडले होते.

"जाय माय," ती म्हणत होती. "माह्या पोरीले नेलं. आता पोराले सोड. जाय, घेऊन जाय सगळं."

मी खांदा दिला.

आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात जोरात मीच ओरडलो. डेंगू घेऊन जाय गे नारबोद. मच्छर घेऊन जाय गे नारबोद. मागून कोणी तरी म्हणालं, लाइटचं बिल घेऊन जाय गे नारबोद, आणि सगळे हसले, आणि मीही हसलो, आणि खांद्यावर माझ्या बहिणीचं काम होतं.

नदीच्या वाटेला लागलो आणि पावसाची बुरबुर सुरू झाली. तेव्हा मला घमेलं आठवलं.

कोरडं होतं तोवर ठीक. पण थेंब जमायला लागले होते. मी माझ्या बाजूचा खांदा खाली केला, म्हणजे पाणी सांडावं. पलीकडच्या खांद्याला मोहल्ल्यातला प्रेमलाल होता.

"सरळ धर बे."

"सरळच हाय."

"इकडं वजन येऊन राह्यलं सारं. माणूस मेला का तुह्यातला?"

त्यानं नारबोद सरळ केली. मी पुन्हा वाकडी केली. त्यानं पुन्हा सरळ केली. असे आम्ही नदीकाठच्या पडीत पोचलो. नारबोद खाली बसवली. मांडीतलं घमेलं चांगलं भरलं होतं. फकिराकाका आगपेटी घेऊन तिच्या तोंडासमोर आले.

पाणी होतं. माणूस जवळ होता. ताईच्या यंत्राला आणखी काही नको होतं.

हाच भोंगा एकदा लग्नात वाजला तेव्हा घोडा नवरदेवाला घेऊन दुसऱ्याच मांडवात शिरला होता. गुंऽऽ असा तो सुरू झाला आणि हळूहळू वाढत गेला. बैलाएवढा डास कल्पनेत आणा. प्रेमलाल पहिल्यांदा पळाला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. बाकीचे त्याच्यावरून गेले. फकिराकाका मात्र जळती काडी हातात धरून उलट्या पावलांनी मागे सरकत राहिले. ते दूर गेले आणि आवाज बंद झाला.

"बोलली," ते म्हणाले. "माह्या बापाच्या जन्मात नाही बोलली."

दोघं-तिघं धीर करून पुढे आले. गुंऽऽ. मागे पळाले. गप्प. पुन्हा पुढे आले. पुन्हा गुंऽऽ. ताईनं ठरवलं होतं ते अगदी तसंच चाललं होतं. माणसं जवळ जात होती, ऐकत होती, विचार करत होती. फक्त घमेलं पालथं करायचं कोणाला सुचत नव्हतं. मला सुचलं होतं, पण मी चार पावलं पुढे टाकली की प्रेमलाल चिखलातून माझा पाय धरायचा. "पागल हाय का? तुह्याच घरची हाय, तुलेच धरन."

"जिवंत हाय, लवकर जाळा," फकिराकाका म्हणाले. त्यांनी रॉकेलची चिंधी पेटवली आणि लांबूनच फेकली. ती नेमकी गुटख्याच्या लुगड्यावर पडली.

मग मला काय झालं कळलं नाही. मी प्रेमलालच्या हातून पाय सोडवला, पळत जाऊन टायरच्या पोटात हात घातला, आत जी वायर हाताला लागली ती सगळी ओढली, जे निघालं ते सदऱ्यात घातलं आणि काट्यांमागे पळालो. आवाज थांबला. मागे कोणी तरी म्हणालं, "पवननं काळीज काढलं नारबोदचं." दोन बायांनी मला लांबून हात जोडलेले मी बघितले.

काट्यांमागे बसून मी सदरा उघडला. आत चैतरामभाऊंचा अँप्लिफायर होता.

आगीत हात घालायची हिंमत केली, आणि तिथंही आपल्या सवयीचीच वायर ओढणारा माणूस मीच. ताईचा बोर्ड, ज्योत्स्नाताईनं आपल्या झाडातून काढून दिलेले डोळे, चैतरामभाऊंच्या चेहऱ्याची ती बाई, सगळं जळत होतं. नदीनाले स्वच्छ राहावेत म्हणून केलेली मूर्ती. तिचा असा काळा धूर निघाला की मोहल्ल्याच्या दोऱ्यांवरचे कपडे बायांना पुन्हा धुवावे लागले. सगळे रिवाजाप्रमाणे मागे न बघता घरी गेले. मी एकटाच बघत बसलो होतो, म्हणजे रिवाजही मोडला.

सभागृहात पोचलो तेव्हा टेबलं लागली होती. एका टेबलावर पांढरी चादर आणि कागद. 'साधना डोमाजी. नारबोद.' ज्योत्स्नाताईनं माझे रिकामे हात बघितले.

"कुठं हाय?"

"गेली."

"कुठं गेली?"

"जिथं नारबोद जाते तिथं."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. भुवया जळालेल्या होत्या. "खरं सांग."

मी सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती खुर्चीवर बसली आणि तोंडात ओढणी कोंबून हसायला लागली, आणि मग रडली. "माय-बाबूजी निघाले का?"

"अजून नाही. ऑटो सांगून आलो."

"आता सांगशीन का त्याईले?"

मी पुन्हा त्या कागदाकडे बघितलं. ताईचं नाव आणि खाली पांढरी चादर. तशी चादर कशावर टाकतात ते मला चांगलं माहीत होतं. मी चादर ओढून काढली, टेबल बाजूला सरकवलं, स्टूल ठेवलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसलो.

"एखादं घमेलं दे," मी म्हणालो.

"काहून?"

"गुणगुणतो मी. कोणी जवळ आलं की. पाणी सांडलं की गप."

"हे फसवणूक हाय पवन."

"मंग टेबल रिकामा ठेवू का?"

ती उठली. पोत्यात गुटख्याच्या पुड्यांचा एक तुकडा उरला होता, तो माझ्या खांद्यावर टाकला. उरलेल्या रंगानं माझं तोंड रंगवलं. मांडीत घमेलं ठेवून पाणी ओतलं. तेवढ्यात भोपाळच्या मॅडम आल्या.

"ये क्या है?"

"मॅडम, मशीन जल गई," ज्योत्स्नाताई म्हणाली. "ये मॅन्युअल है."

मॅडमनी एक पाऊल पुढे टाकलं. मी गुणगुणलो. त्यांनी आणखी एक टाकलं. मी आवाज वाढवला. त्यांनी घमेलं उचलून पाणी सांडलं. बादलीत सांडायचं होतं, त्यांनी माझ्यावर सांडलं. मी गप्प झालो.

"रिस्पॉन्स टाइम अच्छा है," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

मग शाळा आल्या. शंभर पोरं एका रांगेत. मी गुणगुणायचो, ती पाणी सांडायची, ज्योत्स्नाताई भरायची. माझी पँट कमरेपासून गुडघ्यापर्यंत ओली झाली होती आणि ती का ओली आहे हे उशिरा येणाऱ्यांना माहीत नव्हतं. धुमालवरचे दोघं आले. त्यांनी मला ओळखलं, पँट बघितली आणि काही न बोलता गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

आणि मग माय आली.

बाबूजींनी मला पहिल्या नजरेत ओळखलं. त्यांनी लगेच तोंड फिरवलं आणि शेजारच्या टेबलावरचा बाटल्यांचा हत्ती फार लक्ष देऊन बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, ते मला मान वळवता येत नसल्यानं कळलं नाही.

"हे बनवलं का साधनेनं?" मायनं विचारलं.

"हौ काकू," ज्योत्स्नाताई म्हणाली. "जवळ जा."

माय जवळ आली. मी गुणगुणलो. भोंग्यासारखा नाही, बारीक, ताईला हवा होता तसा. माय थांबली. मागे गेली. मी गप्प. पुन्हा आली. आणखी जवळ आली. वाकली. तिनं कान माझ्या तोंडापाशी आणला. मी डोळे मिटले होते. यंत्राचे डोळे मिटत नाहीत, पण एवढं चालवून घ्या.

"बंद कसं होते हे?"

"पाणी सांडा काकू."

मायनं मांडीतलं घमेलं उचललं. बादलीवर नेलं आणि सावकाश ओतलं. माझ्यावर एक थेंब पडला नाही. सकाळपासून पहिल्यांदा.

मी गप्प झालो. माय पालथं घमेलं हातात धरून उभी राहिली.

"एवढंच होतं," ती म्हणाली. "पाणी सांडाचं होतं फक्त."

आणि तेवढ्यात, एवढ्या मोठ्या सभागृहात, एवढ्या माणसांत, एक खरा डास माझ्या डाव्या गालावर येऊन बसला. मला तो दिसत होता. नाकाच्या कडेनं दिसत होता. हात उचलायची सोय नव्हती. मी ताईचं यंत्र होतो.

मायलाही तो दिसला.

"हालू नको पवन्या," ती म्हणाली.

तिनं अशी थापड दिली की माझा रंग बादलीपर्यंत उडाला. शेजारच्या टेबलावरचा हत्ती बाबूजींच्या हातून पडला. सगळं सभागृह आमच्याकडे बघायला लागलं. मायनं हाताचा पंजा उघडून सगळ्यांना दाखवला. मधोमध काळा ठिपका आणि थोडं रक्त.

"मेला," ती म्हणाली. ताई गेल्यापासून एवढ्या मोठ्यानं ती पहिल्यांदाच बोलली. मग ज्योत्स्नाताईची खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली, राखणीला बसतात तशी.

मॅडम धावत आल्या. "ये थप्पड़वाला पार्ट भी साधना का था?"

ज्योत्स्नाताईनं माझ्याकडे बघितलं, मग मायकडे. "हाँ मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. लोकांचा घोळका आमच्या टेबलाकडे वळला. ज्योत्स्नाताईनं घमेलं भरून माझ्या मांडीत ठेवलं आणि कानात म्हणाली, "चालू कर."

मी गुणगुणलो. फाडकन बसली.

"आता कुठं होता मच्छर?" मी ओठ न हलवता विचारलं.

"आवाज तर आला न," माय म्हणाली. हात तिचा वर तयारच होता.

डावा गाल एव्हाना बधिर झाला होता. मी स्टूल थोडं फिरवून घेतलं, मायला उजवा नीट सापडावा म्हणून, आणि घोळक्यातला पहिला माणूस पुढे आला तसा जोरात गुणगुणलो.